दोन रामेश्वर, दोन घंटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर नातीला विजयदुर्ग दाखवायला नेले होते. तिथून जवळच गिर्ये गावात रामेश्वराचे देऊळ आहे. कातळ फोडून केलेल्या वाटेने खाली उतरेपर्यंत ते दिसतही नाही. आवारात मराठा आरमाराचे सेनानी संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. देवळातली घंटा पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने पकडलेल्या पोर्तुगीज जहाजावरची, असे गावकरी सांगतात. नात लगेच म्हणाली, "आबा, आपल्या घाटावरही पोर्तुगीज घंटाच आहे ना? आणि देवही रामेश्वरच!"

पंचवटीत उभा जन्म गेला, पण ही जोडी मला कधी सुचली नव्हती. नारोशंकराचे देऊळ म्हणून आपण ओळखतो तेही रामेश्वराचेच, १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेले. त्यावरची घंटा १७२१ ची. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण मानली जाते. एक घंटा किल्ला पडल्यावर आली, दुसरी भर समुद्रात झुंजून. समुद्रापासून इतक्या दूर, गोदेकाठी राहणाऱ्या आपल्याला आरमार परके वाटते, ते वाटू नये.

घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंना मात्र "मोठी घंटा, फोटो काढा" एवढेच सांगितले जाते. याचे फार वाईट वाटते. सिंहस्थ तोंडावर आला आहे, लाखो माणसे या देवळासमोरून जातील. तिथे वाचता येईल असा ठळक, सविस्तर मराठी फलक हवा आणि त्यावर सांगायला अवघड वाटणारा इतिहासही लिहावा. नारोशंकराचे देऊळ उभे राहिल्यावर नऊच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवून विजयदुर्गावर मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर चाल केली. इंग्रजांच्या तोफांपुढे आंग्र्यांची गुराबा आणि गलबते ही लढाऊ जहाजे बंदरातच जळाली. तुळाजी जन्मभर कैदेत राहिले. ज्या पेशवाईने वसई घेतली, तिच्याच संमतीने मराठ्यांचे सर्वांत जबर आरमार राख झाले. माझ्या मते ही आपल्या इतिहासातली मोठी चूक होती आणि वसईचा विजय सांगताना ती लपवणे बरोबर नाही.

पुढे पेशव्यांचे आरमार विजयदुर्गावरूनच धुळपांनी सांभाळले. एप्रिल १७८३ मध्ये आनंदरावांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज पकडले. नातीला हे तिथेच, तटावर बसून सांगितले. तिच्या पाठ्यपुस्तकात तिला धुळपांचे नाव सापडले नव्हते.

आणखी एक विनंती. नारोशंकराच्या घंटेवरील अक्षरांची जुनी छायाचित्रे किंवा ठसे पंचवटीतील कोणा घराण्याकडे असतील, तर त्यांनी ती आपल्याकडे पाठवावीत आणि आपण ती छापावीत. फलकावर घंटेचा मजकूर जसाच्या तसा, मराठी अर्थासह देता येईल.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक
पंचवटी, नाशिक