दुसरं मत मागणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळाच्या गडबडीत आम्हा बाल कल्याण समितीवाल्यांना बोलायला मिळालं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

मारहाणीचा किंवा अत्याचाराचा संशय असलेलं मूल समितीपुढे येतं तेव्हा आमच्या हातात डॉक्टरी तपासणीचा, दवाखान्याचा कागद असतो. मूल घरी जाणार की बालगृहात, हे बरंचसं त्यावरच ठरतं. लिहिणारा डॉक्टर बहुधा रात्रपाळीचा, एकटा. त्याचं मत दुसऱ्याने तपासायची पद्धत आपल्या जिल्ह्यात तुम्ही पाडलीत. बालरोग, न्यायवैद्यक आणि क्ष-किरण विभागाची माणसं दर महिन्याला एका टेबलाशी बसवलीत. नावं झाकलेली, पहिलं मत काय होतं तेही न सांगता आधी फोटो पुढे.

ते बाळ आठवतं? कमरेवर निळसर डाग, कागदावर ‘बोथट वस्तूने मार’. आईबाप बांधकामावरचे, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलंही! तुम्ही शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला लावलेत, दोन आठवड्यांनी पुन्हा. मुका मार असता तर रंग पालटून विरला असता. डाग जसेच्या तसे. जन्मखुणा त्या, आपल्याकडच्या कितीतरी तान्ह्यांना असतात.

उलटंही घडलं. ‘खाटेवरून पडलं’ म्हणून आणलेल्या बाळाचा पहिला एक्स-रे स्वच्छ होता. तुम्ही दोन आठवड्यांनी परत काढायला लावलात, तेव्हा बरगड्यांवर भरून येणारं हाड दिसलं, म्हणजे त्या आधीच मोडल्या होत्या.

‘जखम नाही, सबब अत्याचार नाही’ हे वाक्य तर तुम्ही हद्दपारच केलंत. लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या वैद्यकीय तपासणीसाठी केंद्राने 2014मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तसा निष्कर्ष काढू नका असं आहेच, पण सूचना कपाटात असतात.

काही डॉक्टरांना हा अविश्वास वाटायचा. त्यांना तुम्ही इंग्लंडमधलं क्लीव्हलंड सांगायचात. 1987मध्ये तिथे दोन बालरोगतज्ज्ञांनी काही महिन्यांत 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान केलं. एका शारीरिक खुणेवर नको तितका भर दिला गेला. पुढे बहुतेक मुलं घरी परतली, पण ताटातूट व्हायची ती झालीच.

‘कोणती माहिती मिळाली तर हे मत बदलेल?’ हा तुमच्या फॉर्ममधला रकाना आता ग्रामीण रुग्णालयांतले डॉक्टरही भरतात. कुरकुरत, पण भरतात.

पुढच्या बैठकीला पाहुण्या म्हणून या. चहा अजून तसाच पाणचट आहे.

आपली,
समितीची एक सदस्य