सरबताला कुठलंही फूल चालत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरच्या घरी फुलांचं सरबत करायची पाककृती छापली, वाचून आनंद झाला, कारण मी गेली सात-आठ वर्षं परभणीत घरीच करते आणि बाटलीतलं लालभडक सरबत आमच्या घरात येणं बंद झालंय. पण त्यात एक वाक्य होतं, "कोणतंही सुवासिक फूल घ्या, देवाची फुलंसुद्धा वाया जाणार नाहीत", ते वाचून मला राहवलं नाही म्हणून पत्र लिहायलेय. कृपा करून हे दुरुस्त करा. आपल्याकडं देवाला काय काय वाहतात ते आठवा. महादेवाला कण्हेर, धोतरा, रुई. मारुतीला रुईच्या पानांची माळ. औंढ्याला, परळीला श्रावणात गाभाऱ्यापुढं या फुलांचा ढीग पडलेला असतो. पिवळ्या कण्हेरीला, ज्याला आपण बिट्टी म्हणतो, तिला वास छान असतो, पण ती विषारी आहे, हृदयाचे ठोके बिघडवते, आणि पाणी उकळलं तरी ते विष जात नाही. धोतऱ्यानं माणूस भ्रमिष्ट होतो. निर्माल्याच्या टोपलीत गुलाबाबरोबर ही पण फुलं मिसळलेली असतात आणि पाकळ्या सुट्या झाल्या की कोणती कशाची ते मोठ्या माणसालाही कळत नाही, लेकरांचं तर सोडाच.

दुसरी गोष्ट हारवाल्याकडची फुलं. ती विकायला पिकवलेली असतात, खाण्यासाठी नाही, त्याच्यावर फवारणी झालेली असते आणि धुतल्यानं सगळं निघून जातं असं नाही. लांब दांडीचे ते डच गुलाब तर मुळीच नकोत, त्यांना वासच नसतो. सरबताला पाहिजे गावरान गुलाब, तो फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ, हातात घेतला तरी दिवसभर बोटाला वास राहतो असा. मी परसात चार झाडं लावलीत, शेणखत आणि भांडी धुतलेलं साधं पाणी एवढंच घालते, मार्चपर्यंत पुरेसा फुलतो.

मला हे शिकवलं आमच्या शेजारच्या आपांनी. रमजानात त्यांच्याकडं इफ्तारला गुलाबाचं सरबत आणि भिजवलेला सब्जा असायचाच, मी म्हणलं आपा हे बाटलीतलं नाही वाटत, तर त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला फुलं तोडायला घेऊन गेल्या. ऊन वर यायच्या आत तोडायची, कारण वास पाकळीतल्या तेलात असतो आणि ऊन लागलं की तो उडतो. पाकळीच्या बुडाला जो पांढरा भाग असतो तो काढून टाकायचा, तो कडू लागतो. मुंग्या झटकून दोनदा धुवायचं.

आता माप सांगते, कारण तुमच्या पाककृतीत साखर निम्मी होती आणि आपल्या उन्हाळ्यात ते चार दिवसात आंबणार. दोन भरगच्च ओंजळी पाकळ्या, अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग पाकळ्या टाकून झाकण लावून रात्रभर ठेवायचं, उकळत ठेवलं तर सगळा वास स्वयंपाकघरात जातो आणि सरबतात काहीच राहत नाही. सकाळी पातळ सुती कापडातनं गाळून पिळायचं. ते पाणी अर्धा लिटर भरलं पाहिजे, त्याला १ किलो साखर. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवायचं. एवढी साखर बघून माझ्या सुनेनं डोळे मोठे केले होते, पण हिशोब असा आहे की पाकात साखर ६५ टक्क्यांच्या वर गेली की जंतूंना वाढायला पाणी मोकळं मिळत नाही म्हणून सरबत टिकतं, निम्मं साखर निम्मं पाणी घेतलं तर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि आमच्याकडं लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. पिताना गार पाण्याच्या ग्लासात दोन चमचेच लागतात. ज्यांना शुगर आहे त्यांनी मात्र हे टाळावंच. शेवटी दोन लिंबांचा रस, त्याच्यामुळं साखरेचे खडे पण होत नाहीत. बाटली काचेची, उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी केलेली. गावरान गुलाबाचा रंग फिकाच येतो, मुलांना लाल पाहिजे असेल तर गॅस बंद केल्यावर बीटाची एक चकती टाकून दहा मिनिटांनी काढायची, तापवलं की बीटाचा रंग उतरतो.

पाण्याबद्दल कुणीच लिहीत नाही आणि मराठवाड्यात तेच महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी जास्वंदाचं सरबत बोअरच्या पाण्यात केलं, पातेल्यात बघितलं तर लाल सोडून निळसर-करडं झालेलं, मला वाटलं फुलालाच काहीतरी झालं, रडू आलं, सगळं ओतून दिलं. नंतर कळलं की दोष पाण्याचा. आपलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं, उकळलं की आणखी बिघडतं, आणि जास्वंद-गोकर्णाचा रंग आंबट पाण्यात लालसर, क्षाराच्या पाण्यात निळा-हिरवा होतो. ओतून द्यायचं कामच नव्हतं, लिंबू पिळलं असतं तर लाल परत आलं असतं! आता मी फिल्टरचं पाणी घेते. गोकर्णाचं निळं सरबत केलं की लिंबू नातवंडांच्या हातात देते, पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, त्या एका गोष्टीपायी त्यांचं कोल्ड्रिंक सुटलंय. जास्वंद घेताना देशी लाल, एकेरी पाकळीची, मधली दांडी आणि हिरवा देठ काढून. गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय जास्वंद घेऊ नये.

आणि पळस. होळीच्या आसपास किनवट-माहूरच्या बाजूला गेलं की रस्त्याच्या कडेला नुसता केशरी सडा पडलेला असतो, आणि आपण रंगपंचमीला दुकानातला रंग विकत आणतो. पळसाला वास नाही, म्हणून त्यात वेलची आणि थोडा खडा मीठ. ताजी फुलं झाडावरचीच घ्यायची, रात्रभर गार पाण्यात भिजवून, सकाळी गाळून साखर. चव थोडी तुरट, ४२-४३ अंशाच्या दुपारी शेतातनं आलेल्या माणसाला बरी वाटते. माझ्या सासूबाई हेच द्यायच्या.

गाड्यावरच्या लाल पाण्याबद्दल तुम्ही लिहिलं ते बरोबरच आहे. रोडामाइन बी सारखा कपड्याचा रंग खाण्यात वापरायला बंदी आहे, तरी भडक गुलाबी काही दिसलं की मी नातवंडांना पुढं नेते. पण त्याला उत्तर म्हणून घरी करा असं सांगताना कोणतं फूल करायचं आणि कोणतं नाही हे आधी ठळक छापलं पाहिजे. गावातल्या बचत गटाच्या बायका तुमची पाककृती बघून विकायला करतील, त्यांना परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसांनी एकदा हे समजावून सांगावं असं पण तुमच्या पेपरातनं लिहावं.

पुढच्या रविवारी गुलाब, जास्वंद, गोकर्ण, पळस यांचे फोटो एका बाजूला आणि कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई यांचे दुसऱ्या बाजूला, एवढं छापा. रंगीत छापा म्हणजे लेकरांनाही कळेल.

आपली एक वाचक,
परभणी