आमच्या बीटच्या पोस्टमन आबांस

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. एकट्यांना पाठवलं असतं, तर वाचून, घडी करून तुम्ही ते सदऱ्याच्या खिशात घातलं असतं आणि "बरं, चहा घेतेस?" एवढंच म्हणाला असतात.

गेल्या महिन्यात मी विद्यापीठात प्रोफेसर झाले. त्या अर्जात रकानेच रकाने होते. शोधनिबंध किती, इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले, पीएचडीचे विद्यार्थी किती, प्रकल्पांना निधी किती आणि कोणाचा. हे काम कोणाच्या हाताखाली शिकलात, असा रकाना मात्र कुठे नव्हता. मार्गदर्शकांचं नाव प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहेच, त्यांचं ऋण आहे ते आहेच. तुमचं नाव कुठेच नाही, आणि ते तुम्हीच घालू दिलं नाहीत. म्हणून इथेही घालत नाही. गावात कळायचं त्यांना कळेल.

माझा विषय मानवी भूगोल. भूगोल म्हटलं की लोक अजून मला राजधान्या विचारतात. माणसं कुठे राहतात, कुठून उठून कुठे जातात, गेल्यावर मागच्या गावाचं काय होतं, हे आमचं काम. कोकणात ते समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरातलं कोणीच मुंबईला नाही असं घर आपल्या पंचक्रोशीत शोधूनच काढावं लागेल.

वाशिष्ठी आणि शास्त्री या दोन खाड्यांमधला गुहागरचा पट्टा मी पीएचडीसाठी निवडला तो आजोळ म्हणून. येताना विभागात मंजूर झालेली छापील प्रश्नावली आणली होती. पोस्टाच्या ओटीवर बसून तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात (तुम्हाला जवळचं चष्म्याशिवायच दिसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं) आणि तिसरा प्रश्न मोठ्याने वाचलात: 'आपल्या कुटुंबातील किती सदस्यांनी स्थलांतर केले आहे?' मग म्हणालात, "काय गो, असं विचारलंस तर सगळी वाडी शून्य सांगेल. मुंबईला गेलेला माणूस कुठे गेलेला नसतो. गणपतीला किती पानं वाढता ते विचार. मग आज रात्री किती जणांचा भात शिजणार ते विचार. मधला हिशेब तुझा तू कर."

आणि बंद घरांबद्दल म्हणालात, कुलूप दिसलं म्हणून पुढे जाऊ नको, चावी कोणाकडे असते ते शेजारणीला विचार. आबा, त्या चावीवर माझं एक अख्खं प्रकरण उभं आहे. चावी भावकीत असेल तर घर शाकारलं जातं, गणपतीला उघडतं. वाडीतल्या परक्याकडे असेल तर बहुधा जमिनीच्या हिश्शावरून बोलणं बंद झालेलं असतं. आणि चावी मालक मुंबईलाच घेऊन गेला असेल, तर दोन पावसाळ्यांत वासे खाली येतात. वर्गात मुलं हे लिहून घेतात. मी त्यांना सांगते की हे पुस्तकात सापडणार नाही.

जनगणनेचे आकडे मी तुम्हाला दाखवले होते, आठवत असेल. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा ऐंशी हजारांहून जास्तीने घटला. हजार पुरुषांमागे बायका ११२२. तुम्ही विचारलंत, "मोजतात कधी?" ९ ते २८ फेब्रुवारी, मी म्हटलं. "म्हणजे शिमग्याच्या आधी," आणि तुम्ही हसलात. मुंबईकर घरी येणार तो शिमग्याला. तुमचं ते हसणं मी पुढे बरीच पानं खर्च करून विद्वान भाषेत मांडलं. आकडा खोटा नाही. पण मुंबईकराचं रेशनकार्ड, घरातला हिस्सा आणि पालखीचा मान गावात असतो, आणि तो स्वतः मोजणीच्या दिवसांत विरारला झोपलेला असतो. जनगणना त्याला एकाच जागी मोजते, तिलाही दुसरा इलाज नाही. आताच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षीची होळी २२ मार्चच्या सुमारास. पुन्हा तेच.

पिनकोडचं तर मी अजून सगळ्यांना सांगते. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी, शिवाय संस्कृतातले कवी. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा लोक पत्त्यात ते सहा आकडे लिहायला शिकत होते. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा, आणि तुमच्या डोक्यात साऱ्या बीटचे, म्हणजे तुमच्या टपालफेरीतल्या घरांचे, पत्ते. सुरुवातीला जिकडे तिकडे ४०००१२, म्हणजे परळ-लालबाग. एकेका गावाची तिथे गावकीची खोली, भिंतीला एकाखाली एक खिळ्यांवर पिशव्या, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर काही महिने पिशवी हलकी झाली, म्हणालात, आणि मग एकेक पत्ता सरकायला लागला. ४२१२०१ डोंबिवली. ४०१२०९ नालासोपारा. ४०१३०३ विरार. खोली गेली, बिऱ्हाडं झाली, बायका-मुलंही गेली, आणि रक्कम कमी होत गेली, कारण आता चूल तिकडेच पेटत होती. गिरणगाव उठल्यावर माणसं कुठे पांगली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण पांगण्याची चाहूल गावात आधी मनीऑर्डरीवरच्या पत्त्यातून लागली, हे मला तुमच्या ओटीवर कळलं.

आणि इतकं सगळं सांगून तुम्ही मला एकाचीही रक्कम सांगितली नाहीत. मी विचारलं होतं. नावं नकोत, नुसते आकडे द्या, म्हटलं होतं. "ज्याचे पैसे त्याला विचार. मी फक्त दारापर्यंत नेतो." विद्यापीठात आम्हाला संशोधनातल्या नीतिमत्तेचं प्रशिक्षण असतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्यात जे सांगतात ते तुमच्या दोन वाक्यांत येतं. माझ्या मुलाखतीच्या पत्राची गोष्टही तीच. पत्ता आजोळचा दिला होता, पत्र तुमच्याकडे आलं. तुम्ही फोन केलात: "विद्यापीठाचा शिक्का आहे. उघडत नाही. उद्या सकाळच्या गाडीने ये." तेव्हा मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, मानधन महिनोन्महिने लटकायचं, आणि पत्रात काय आहे या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. तुम्हाला ते कळत होतं. तरी उघडलं नाहीत.

त्याच मुलाखतीत एका तज्ज्ञांनी विचारलं, हे समाजशास्त्र झालं, यात भूगोल कुठे आहे? मी तुमची बीट सांगितली. टॉर्स्टन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलज्ञांनी १९७० साली मांडलं की माणसाचा दिवस हा जागा आणि वेळ या दोन्हींतून काढलेली एक रेघ असते आणि त्या रेघेला बंधनं असतात. बंधनं म्हणजे काय? तुमची पिशवी यष्टीने आली की तुम्ही निघणार. पायऱ्यांची पाखाडी उतरून खालच्या वाडीत. तिथून साकव, म्हणजे छोटा पूल. पण भरती असली की खाडीकाठच्या खाजणातली वाट पाण्याखाली, म्हणून आधी वरच्या सड्यावरून वळसा, आणि मग भंडारवाडीला टपाल दुपारनंतर. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून कोणाच्या दारात कधी पोचणार हे पंचांगावर ठरणार. पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, फुगला की पलीकडच्या चार घरांना टपालच नाही. मी फळ्यावर ती रेघ काढली. ते तज्ज्ञ पुढे झुकले आणि विचारलं, भरती किती वाजता होती? त्यानंतर समाजशास्त्राचा विषय निघाला नाही.

बायकांचंही तुमच्याकडूनच. १८८५ साली भूगोलज्ञ रॅव्हनस्टाइन यांनी स्थलांतराचे नियम मांडले, त्यात जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात असं म्हटलंय. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तुम्ही मनीऑर्डरीच्या कुपनावरचा मजकूर दारात उभं राहून वाचून दाखवायचात: 'कौले शाकारून घ्यावी. आईस डॉक्टरकडे न्यावे.' ऐकणारी बाई अंगठा उठवायची आणि उत्तर सांगायची. ती खाडीपलीकडून लग्न होऊन आलेली. तुम्ही म्हणालात, "पुरुष लांब जातो पण गणपतीला येतो. ही दोन कोसांवरून आली ती आली." याहून बरं भाष्य मला अजून मिळालेलं नाही.

एक मात्र राहूनच जाईल म्हणून लिहिते. आपल्याकडे हातात नकाशा घेऊन फिरणारा माणूस म्हणजे जमिनीचा दलाल, हे आज शेंबडं पोरही जाणतं, आणि ते चूक नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, कोणी कुठे सही केली कोणाला ठाऊक नाही. अशा ठिकाणी मी म्हाताऱ्यांपुढे संमतीपत्र धरलं असतं तर दारं लागली असती. प्रत्येक वाडीत पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर आलात, माझ्या आजीचं नाव सांगितलंत, आणि म्हणालात, "सही नको हिला, बोलायचं असेल तर बोला." नैतिक समितीला तोंडी संमती पटवायला मला पुढे बरीच पत्रं लिहावी लागली. पण पटली. आता आमच्या विभागातली इतर मुलंही तसंच करतात.

त्या सगळ्यासाठी आभार. तुम्हाला हा शब्द फार औपचारिक वाटेल, वाटू दे.

कामाचं: बीटचा नकाशा मोठा छापून स्पीड पोस्टाने पाठवलाय. खाजणातली वाट मी जुन्या आठवणीने काढलीय, बंधारा झाल्यावर ती कुठून जाते ते पेन्सिलने दाखवा. गणपतीला येतेय, बरोबर दोन विद्यार्थी आहेत, एक विदर्भातला, त्याने समुद्रही पाहिलेला नाही. त्यांची प्रश्नावली तयार आहे, पण छापलेली नाही. आधी तुम्ही बघा.