अपघातांची दुर्लक्षित कारणे

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे परिसरातील फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) आणि यंत्रशाळांत एखाद्याची बोटे गेली की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे म्हणून अनेकदा विषय मिटवला जातो, हे अन्यायाचे आहे. यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांवर आच्छादन असणे कायद्याने फार पूर्वीपासून बंधनकारक आहे. तरीही नगावर मजुरी मिळणारा कामगार ते काढून ठेवतो, कारण आच्छादनामुळे वेग मंदावतो आणि हाती कमी पैसे येतात. अशा वेळी दोष मजुरीच्या पद्धतीचाही असतो, आणि ती पद्धत कामगाराने ठरवलेली नसते.

थकव्याची तर नोंदच होत नाही. खानापूर, चंदगडच्या खेड्यांतून पहाटे निघालेला माणूस भट्टीच्या उष्म्यात सलग दुसरी पाळी करतो, तेव्हा घामावाटे पाणी जाऊन त्याचे लक्ष आणि हाताची पकड दोन्ही ढिली पडतात. सलग पाळ्यांना मज्जाव, भट्टीजवळ पिण्याचे पाणी, ठरावीक विश्रांती आणि कंत्राटी कामगारांनाही समजेल अशा भाषेत प्रशिक्षण, एवढे मालकांनी तातडीने करावे. थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमीही द्यावी.

– एक वाचक, बेळगाव