पंप गच्चीवरून खाली उतरवणाऱ्या मिस्त्री आप्पांना

मिस्त्री आप्पा, नमस्कार.

तुम्ही असलं काही वाचत बसणार नाही, ठाऊक आहे. पण मालवणपासून दापोलीपर्यंत किनाऱ्यावरच्या जुन्या लॉजांत हाच घोळ आहे, म्हणून आभार चारचौघांत मानतोय.

सोलरचं गरम पाणी तळमजल्यावर पोचेपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जातं, म्हणून पाणी पुन्हा टाकीत नेणारी रिटर्न लाइन टाकून पाणी फिरतं ठेवतात. फिरवणारा पंप कुठे बसवायचा, हा प्रश्न तुमच्याआधी आलेल्या कुणालाच पडला नाही. गच्चीवर सोलरच्या टाकीशेजारी विजेचा पॉइंट होता, बसवला तिथेच. सील गेलं, नवा पंप. खडखड आली, ‘पंप लहान पडतोय’ म्हणून मोठा पंप. शेवटी मोटर आणि पंप एकत्र असलेला अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक आला आणि वरच्या मजल्यावरचे नळ पाणी द्यायचं सोडून फुर्र करत हवा आत ओढायला लागले. बिलं मात्र वेळच्या वेळी!

तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागवलीत, वरच्या मजल्यावरच्या नळाला जोडलीत आणि दुसरं टोक खोल्या साफ करणाऱ्या पोराच्या हातात देऊन त्याला गच्चीच्या जिन्यावर उभं केलंत. पंप बंद असताना नळीतलं पाणी गार पाण्याच्या टाकीच्या पातळीला, म्हणजे नळापासून तीन मीटर वर. पंप चालू केलात आणि ते सगळं पाणी सरसर उतरून पाइपात गडप झालं. पोरगा ओरडला, “आप्पा, पंप पाणी पिता!” तुम्ही एवढंच म्हणालात, “पंपाक ढकलूक लावा, ओढूक लावू नकात.” इतरांनी मालकाला बिल दाखवलं. तुम्ही त्या पोराला कारण दाखवलंत. सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

कारण साधं आहे, तरी कुणी सांगत नाही. पंप चालो वा बंद राहो, सोलरच्या टाकीपाशी दाब बदलत नाही. तिथे वर हवेला मोकळा पाइप आहे. मग पंपाचा जोर लाइनीत दाब वाढवणार की घटवणार, हे त्याच्या जागेवर ठरतं. रिटर्नचा अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजून आतून भरत आलेला. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी, ते हा मुलामा खातंच. असा पाइप पार करून पंपाने टाकीच्या तोंडाशी पाणी ओढायचं, म्हणजे दाबाची जवळजवळ सगळी घट त्याच्या सक्शनला, ओढण्याच्या बाजूला. त्यातून गच्चीवर पाण्याचा मूळचा दाब कमी. सांध्यांतून पाणी ठिबकत नाही, हवा आत शिरते, म्हणून गळती दिसतही नाही. एप्रिल-मेमध्ये सोलरचं पाणी 80 अंशांवर जातं, आणि तेवढं तापलेलं पाणी हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी दाबाला उकळतं. पंपात वाफेचे बुडबुडे, बाहेर खडखड. मोठा पंप म्हणजे आणखी मोठी ओढ.

थंड मुलखात घरं तापवणाऱ्या गरम पाण्याच्या जुन्या लाइनींनाही हाच नियम लागतो: तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या एक्सपान्शन टाकीचा जोड पंपाच्या सक्शनला हवा, पंपाने तिथून पुढे ढकलायचं.

तुम्ही पंप तळमजल्यावर आणलात, शेवटच्या नळानंतर, रिटर्न जिथून वर चढतो तिथे. आता डोक्यावर नऊ-दहा मीटर पाणी उभं आहे आणि चोंदणारा बारीक पाइप डिलिव्हरीकडे, ढकलण्याच्या बाजूला. तोही बदलून गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी प्लास्टिकचा टाकलात. नळी पुन्हा लावली तेव्हा पाणी जेमतेम चार बोटं खाली आलं.

पंपाच्या आकाराचंही तसंच. साठ मीटरच्या लाइनीवर इन्सुलेशन नीट असेल आणि मीटरला दहा वॅट उष्णता जात असेल, तर जाताना-येतानाच्या पाण्यातल्या पाच अंशांच्या फरकाला तासाला शंभर लिटर फिरलं तरी पुरतं. अर्धा हॉर्सपॉवर तेवढं पाणी काही मिनिटांत ढकलतो आणि टाकीत वर साठलेलं गरम पाणी तळाच्या गार पाण्यात घुसळून टाकतो. तुम्ही छोटा सर्क्युलेटर, म्हणजे पाणी नुसतं फिरतं ठेवणारा पंप लावलात, स्टेनलेस बॉडीचा. साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इथे गंजून अडकतं. मोटरचा शाफ्ट आडवा, दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह, पुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो एनआरव्ही पूर्वी नव्हताच, म्हणून खालच्या नळाला रिटर्नमधून टाकीच्या तळाचं गार पाणी उलटं यायचं आणि दोष सोलरवर जायचा. टायमर पहाटे साडेपाच ते नऊ, सोबत पाइपावरचा थर्मोस्टॅट. चोवीस तास फिरवलं तर रात्रीत टाकी निवते.

मोठा पंप विकून तुम्हाला जास्त सुटले असते. तुम्ही लहान लावलात, आणि काढलेला मोनोब्लॉक विहिरीवर चालेल म्हणून सांगितलंत. चालतोय. अशी माणसं अजून आहेत म्हणून चिरेबंदी घरं उभी आहेत, नाहीतर आम्ही केव्हाच पाडून स्लॅब टाकले असते.

टाकीतली, गंज स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडी पावसाआधी बघायला हवी म्हणालात. त्या दिवशी जेवायलाच या. बांगडे मिळाले तर तिखलं करू.

आपला,
एक लॉजवाला, मालवण