तो बुरूज नव्हे, कोंडवाडा!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्लंडवरचा प्रवासलेख वाचला. लेखक हौशी दिसतात, फोटोही झकास आहेत. पण स्कॅरिंग्टन गावातल्या त्या गोल, विटांच्या भिंतीला 'टेहळणीचा छोटेखानी बुरूज' म्हणणं म्हणजे कहर झाला. डोक्याएवढ्या भिंतीवरून टेहळणी कसली करणार? कोंबड्यांची? अहो, तो कोंडवाडा आहे! नॉटिंगहॅमला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या दारात उभा राहून आलोय मी. शेजारच्या घोड्याच्या नालांच्या सतरा फुटी राशीला लेखकांनी देवळाचं शिखर केलं नाही, हे उपकारच.

दुसऱ्याच्या पिकात घुसलेली जनावरं कोंडायची, धन्यानं दंड भरला की सोडायची. आपल्याकडे १८७१च्या कायद्यानं हेच चालायचं, आणि कोंडलेल्या गुरांचा चारा-खर्चही धन्याच्याच माथी.

मी दहा वर्षांचा असताना आमची तांबू शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. वडील बाजाराला गेलेले. आईनं पदराच्या गाठीतलं सव्वा रुपयाचं चिल्लर मोजून दिलं. कोंडवाड्यावरचा माणूस म्हणाला, 'अजून आठ आणे आण, वैरणीचे.' वैरण म्हणजे कोपऱ्यात पडलेला उसाच्या पाचटाचा एक पेंढा, त्याला गाईनं तोंडही लावलं नव्हतं. वडील येईपर्यंत मी भिंतीला टेकून बसलो. आत तांबूची कास ताठलेली, दूध आपोआप गळत होतं, आणि घरी वासरू हंबरत होतं. ते आठ आणे मी आजवर विसरलेलो नाही.

तिकडे तसला कोंडवाडा संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. परवानगीशिवाय पाडला तर गुन्हा. आमच्या गावचा गेल्या वर्षी जेसीबीनं एका सकाळीत साफ झाला. तिथं आता गाळे निघालेत. दगड कुणाच्या बंगल्याच्या पायात गेले, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी ग्रामसभेत विचारलं, तर 'गुरुजी, त्या उकिरड्याचं काय एवढं?' आणि आपले लेखक लिहितात, 'असा ग्रामीण वारसा आपल्याकडे नाहीच.' नाहीच आता! असताना कुणी फोटो काढला होता?

खुलासा छापाल ही अपेक्षा. मागच्या वेळचा माझा मजकूर गृहकर्जाच्या जाहिरातीखाली निम्मा कापला होता, तसं करू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड

ता. क. पुरवणी पुन्हा भिजून आली. शब्दकोड्यातले उभे शब्द तेवढे वाचता आले.