नकाशाच्या कोपऱ्यातली ओळ

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या नियोजित संगीत केंद्राचे तुम्ही केलेले सुधारित नकाशे पोचले. सगळे जण मोठं सभागृह पाहायला टेबलाभोवती जमले होते, पण नजर अडकली ती शेवटच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात. बाहेरच्या आवाजांच्या वेळांचा छोटा तक्ता आणि त्याखाली तुमच्या अक्षरात 'माहिती : रात्रपाळीचे रखवालदार', पुढे त्यांचं पूर्ण नाव. हे पत्र जाहीर असल्यामुळे ते नाव इथे लिहीत नाही, पण नकाशावर ते आहे आणि तिथेच राहील.

मिरजेत संगीताचं केंद्र काढायचं म्हटलं की इतिहास सांगायला माणसांची कमतरता नसते. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत, विष्णु दिगंबर पलुस्कर इथे शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब दर्ग्याच्या आवारात विसावलेत, इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्याआधीच्या सल्लागारांच्या सादरीकरणात हे सगळं होतं. त्यानंतर जी इमारत पडद्यावर आली, ती मंगल कार्यालय म्हणून उत्तम चालली असती. दर्शनी बाजूला काच, मध्ये 'मल्टिपर्पज' सभागृह, रियाजाच्या खोल्यांना चार इंची भिंती, त्याही फॉल्स सीलिंगपर्यंतच. सगळ्या खोल्यांना एसीचा एकच डक्ट. म्हणजे एका खोलीतला पखवाज डक्टमधून आणि छतावरून फिरून शेजारच्या ख्यालात येणार. हे विचारलं तर उत्तर मिळालं, "पॅनेल लावू." आणखी एका विक्रेत्याने थर्मोकोल सुचवलं. थर्मोकोल आवाज अडवतही नाही आणि धडपणे शोषतही नाही. आग लागली तर मात्र जोरात पेटतं.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा पंखा बंद करायला सांगितलंत. मग जागेवर सतरंजी टाकून बसलात, कोणाशी न बोलता. उठून थेट चौकीत गेलात आणि रखवालदारांना विचारलंत, "रात्री इथे काय काय ऐकू येतं?" त्याआधी कोणीही त्यांना गेट उघडण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. त्यांनी सांगितलं : शेजारच्या रुळांवरच्या एक्स्प्रेसचा फारसा त्रास नाही, पण मालगाडीचं शंटिंग सुरू झालं की चौकीतली पत्र्याची पेटी थरथरते, पिठाची गिरणी सकाळी सातला सुरू होते, गुरुवारी भजन. हे सगळं तुम्ही वहीत वेळांसकट लिहून घेतलंत. ध्वनिमापक तुमच्याजवळ होताच. पण यंत्र एका दुपारचं सांगणार. बारा महिन्यांच्या रात्री त्या माणसाकडे होत्या.

त्या वहीमुळे अख्खी इमारत फिरली. मालगाडीचा आवाज खर्जाचा, तो पडद्यांना आणि फोमला जुमानत नाही. त्याला जड भिंत आणि अंतरच लागतं. म्हणून रुळांच्या बाजूला जिने, कोठारं, स्वच्छतागृहं गेली आणि सभागृह पलीकडे सरकलं. तबला-पखवाज तळमजल्यावर उतरले, कारण बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, ठोका स्लॅबमध्ये शिरला की वरच्या मजल्यावर कितीही गालिचे घाला, खालच्या छतातून तो गळत राहतो. गाण्याच्या खोल्या वर गेल्या. नऊ इंची विटांच्या भिंती, दोन्ही बाजूंनी गिलावा, थेट स्लॅबला टेकलेल्या. समोरासमोर येणारी दारंही तुम्ही हलवलीत.

दारांचा तुमचा हिशेब तर प्रत्येक शाळेने भिंतीवर लावावा. ०.९ बाय २.१ मीटरच्या दाराभोवती ३ मिलिमीटर फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक टक्का होते. एक टक्का उघडं म्हणजे सागवानी असो वा लोखंडी, ते दार वीस डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. इतका पैसा भिंतीत घालून लोक फटीपाशी हरतात.

सभागृहाचंही तसंच. ३०० श्रोते, १८०० घनमीटर हवा, आणि नाद विरायला १.१ सेकंद. त्याहून कमी झालं की गाणं कोरडं पडतं, जास्त झालं की द्रुत तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात. नाद विरायचा वेळ काढणाऱ्या साबिनच्या सूत्राने त्यासाठी सुमारे २६३ चौरस मीटर आवाज शोषणारा पृष्ठभाग लागतो आणि त्यातलं निम्मं श्रोतेच पुरवतात. गादीची खुर्ची रिकामी असली तरी आवाज शोषते. रिकामी सतरंजी फारसं काही करत नाही. त्यामुळे भारतीय बैठकीत अर्धेच लोक आले तर १.१ चे जवळपास १.५ सेकंद होतात. आमच्याकडे अर्धेच लोक येणार हे तुम्ही तोंडावर सांगितलंत (खरं होतं). आता बाजूच्या भिंतींवर ओढता येणारे जाड, दुप्पट चुण्यांचे पडदे आहेत, भिंतीपासून चार इंच सुटे. माइकशिवाय तंबोरा शेवटच्या ओळीत ऐकू आला पाहिजे, हा तुमचा निकष. एसीची हवा हळू सोडायची ती त्यासाठीच.

वाद्यनिर्मितीच्या विभागाबद्दल कारागीर तुमचे विशेष आभारी आहेत. आधीच्या नकाशात एकच 'वर्कशॉप' होतं. करवत, रंधा, पॉलिश आणि जवारी (घोडी घासून तारेचा नाद खुलवण्याचं काम) एका छताखाली! जवारी काढणारा घोडीवर कानस फिरवतो आणि प्रत्येक फेरीनंतर तार छेडून ऐकतो. त्याला रियाजाच्या खोलीइतकीच शांतता हवी. ती खोली तुम्ही वेगळी काढलीत, उत्तरेच्या उजेडाची.

संग्रहालय आधी तळघरात होतं. कृष्णेच्या काठच्या तालुक्यात, २०१९ चा महापूर पाहिल्यानंतर! तुम्ही ते मधल्या मजल्यावर आणलंत : खाली पुराची भीती, अगदी वर तापलेल्या स्लॅबची. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या टेपांना वीस अंश आणि चाळीस टक्क्यांच्या आत आर्द्रता, तीही रात्रंदिवस सारखी. भोपळ्याच्या वाद्यांना इतकी कोरडी हवा मानवत नाही, ती पन्नासच्या आसपास खूश, म्हणून त्यांचं दालन निराळं. लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, लाख विरघळते, हेही तुम्हीच बजावलंत. ध्वनिमुद्रणांची डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, स्टिरिओत केली तर एका तासाचे सुमारे दोन जीबी होतात. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर.

आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं नोंदपत्रक. त्यात साथीदारांचे रकाने तुम्ही सक्तीचे केलेत. तबला, पेटी किंवा सारंगी, तंबोऱ्यावर कोण, ध्वनिमुद्रण कोणी केलं. रकाना रिकामा ठेवून नोंद पुढे सरकणारच नाही. नाव ठाऊक नसेल तर 'शोध चालू' असं लिहावं लागेल. जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव ठसठशीत असतं आणि सारंगियाचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. तेव्हा हा तुमचा आग्रह कोणाला जाचक वाटला, कोणाला हळवेपणा. काल कोपऱ्यातली ती ओळ वाचल्यावर कोणी वाद घातला नाही.

रखवालदारांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. घडी न घालता, पुठ्ठ्यात घालून घरी नेली. आज येऊन त्यांनी एक दुरुस्ती सांगितली आहे : भजन गुरुवारी असतंच, पण श्रावणात सोमवारीही असतं. तक्त्यात तेवढं घ्यावं.

दारांचे नमुने पुढच्या आठवड्यात येतील. फट मोजायला फीलर गेज आणून ठेवला आहे. तुम्ही याल तेव्हा पंखा बंद असेल.

आपले,
नियोजित केंद्राचे विश्वस्त, शिक्षक आणि कारागीर
मिरज